पाय आला म्हणजे पाहुणा आला

माणूस रडत आलेला असो की भांडायला, ती उजवा हात पुढे करायची, तळवा वर, आणि म्हणायची, "या नं भाऊ, बसा." बाई असली तर, "या वं ताई, बसा." बसायला खुर्ची आहे की नाही हे बघायची तिची पद्धत नव्हती. सोमवारी आमच्या कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहायलासुद्धा जागा नसायची, तरी हिचं आपलं "या, बसा" चालूच.

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने ढिगाने आहेत. त्यातल्याच एकात मी तेवीस वर्षं एक्स-रे काढते आहे, आणि ती तिथे दारावर गार्ड होती. तुम्हीही अशी गार्ड पाहिली असेल. निळा गणवेश, एजन्सीने दिलेले दोन नंबर मोठे बूट, हातात वॉकीटॉकी. आपण पास दाखवतो आणि आत जातो. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मीही तेच केलं. तिचं नाव मी इथे सांगत नाही. आपल्यावर कोणी काही लिहिलंय हे कळलं तर ती मलाच फैलावर घेईल.

ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. वय बत्तीस-तेहतीस, खांदे रुंद, उंची कमी. ही उंची तिला फार नडली होती. होस्टेलात राहून शिकताना ती कराटे शिकली, पोलीस भरतीसाठी दोन वर्षं मैदानावर धावली, आणि दोन्ही वेळा उंचीच्या पट्टीखाली अर्ध्या सेंटीमीटरने अडली. "पयल्या वेळी मी अंबाडा उंच बांधून गेले," ती सांगायची. "त्या मॅडमनं पट्टी ठेवून अंबाडा असा दाबला, का मी होती त्याच्याहून खाली गेले." दुसऱ्या वेळेच्या आधी ती महिनाभर चिंचेच्या फांदीला लोंबकळली. उंची तेवढीच राहिली, फांदी मात्र मोडली. हे सांगताना ती इतकी हसायची की ऐकणाऱ्याला हळहळायची सवड मिळायची नाही.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय तिचं सांगता येणार नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मोटरसायकलवरून पडलेला एक पोरगा आला. सोबत त्याचा मित्र, दोघंही प्यायलेले. मी मित्राला म्हटलं, दादा, बाहेर थांबा, फोटो काढताना आत राहता येत नाही. एवढंच म्हटलं होतं. त्याने लात उचलली ती सरळ माझ्या कमरेत. मी मागे स्टँडवर आदळले, कोपराला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तोच मित्र शुद्धीवर येऊन संत्रा बर्फीचा डबा घेऊन माफी मागायला आला. बर्फी चांगली होती. टाकेही आठवड्यात सुटले. भीती मात्र काही सुटेना.

एक्स-रेचं काम दुरून होत नाही हो. पेशंटचा पाय हातात घ्यावा लागतो, वळवावा लागतो, दुखत असेल तर समजूत घालत घालत हवा तसा ठेवावा लागतो. आणि माझं असं झालं की टेबलावरचा पाय नुसता हलला तरी मी दोन पावलं मागे. भिंतीशी उभी राहून सांगायची, "काका, जरा डावीकडे वळा." काकांना डावीकडे वळता आलं असतं तर ते दवाखान्यात कशाला आले असते? फोटो हललेले यायला लागले, तिरपे यायला लागले, एकेका पेशंटचा फोटो तीन-तीनदा काढावा लागायला लागला.

हाडांच्या डॉक्टरांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. माणूस वाईट नाही, पण तोंडाने फटकळ. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांनी मला बोलावून तीन फोटो समोर धरले. "हे काय आहे ते तुम्हीच सांगा. मला तर धुकं दिसतंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "बघा, जे झालं ते वाईटच झालं. पण पेशंटला उगाच जास्त किरण देता येणार नाहीत. हा महिना बघू. नाही जमलं तर तुम्ही खाली रेकॉर्ड रूम सांभाळा."

रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली फायलींची खोली. तिथे कोणी लात मारत नाही हे खरं. पण मला माझं काम आवडतं. आतलं हाड पहिल्यांदा मला दिसतं, डॉक्टरांच्याही आधी, याचा मला तेवीस वर्षांनंतरही अभिमान वाटतो. ते जाणार म्हटल्यावर मी घरी जाऊन कुकरच्या शिट्ट्यांच्या आडोशाने रडून घेतलं.

त्याच आठवड्यात तो व्हीलचेअरचा प्रसंग घडला.

भेटीची वेळ संपलेली. एक चांगला सहा फुटी, दाढीवाला माणूस आत दाखल असलेल्या मावशीला भेटायचंच म्हणून दारात अडून उभा राहिला. ती म्हणाली, "भाऊ, पाच मिनिटं थांबा, सिस्टरले विचारते. या, बसा." तो कशाचा बसतो? आधी त्याने दाराला लात मारली. मग हिच्यावर उचलली. मी एक्स-रेच्या दारातून बघत होते.

ती मागे सरली नाही. तिरपी पुढे घुसली, त्याचा पाय बगलेत घेतला, दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि मागे उभ्या असलेल्या व्हीलचेअरवर त्याला बसवलं. पाडलं नाही, बसवलं. खाली वाकून त्याचा पाय पायदानावर ठेवला, ब्रेक लावला आणि विचारलं, "पाणी आणू का भाऊ?" त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने पाणी घेतलं, दुसरं काय करणार? मग सिस्टरची परवानगी घेऊन तिने त्याला खुर्चीसकट ढकलत वॉर्डात नेलं. तिकडे मावशीने भाच्याला व्हीलचेअरवर येताना पाहून असा गळा काढला की शेजारच्या खाटेवरचे पेशंट उठून बसले.

सगळा स्टाफ दोन दिवस हसत होता. मी हसले नाही. मी तिच्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी तीच माझ्याकडे आली. "मॅडम, एक विचारू का? पेशंटचा पाय हालला का तुमी मागं काहून सरता?"

"लागेल म्हणून."

"मागं सरल्यावरच तं लागते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आज दोन वाजता सुट्टी झाली का गच्चीवर या. ड्रेसची ओढणी खाली ठेवून येजा, पायात येते."

आमच्या गच्चीवर चादरी वाळत असतात. त्या चादरींच्या मधे तिने वॉर्डातल्या टाकून दिलेल्या रेक्झिनच्या गाद्या अंथरल्या होत्या, आणि तिथे कॅन्टीनवाले भाऊ कमरेवर हात ठेवून उभे होते. हे भाऊ म्हणजे नव्वद किलोचा माणूस, सकाळी स्टाफला तर्री-पोहे देणारा. तिने त्यांना लात मारायला बोलावलं होतं.

"मॅडमले?" भाऊ घाबरले. "बापा, माया पाय लागला तं यांचाच एक्स-रे काढावा लागन."

मग तिने मला म्हशीची गोष्ट सांगितली. तिची आई घरी म्हशीचं दूध काढायची. एक म्हैस भारी लाथाडी होती. ही लहानपणी लांब बसून, हात ताणून धार काढायला जायची आणि लात खायची. आई मात्र म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसायची. "आई म्हणे, जवळ बस, चिटकून बस. जवळ बसलं का लात लागत नाई, नुसता धक्का लागते. होस्टेलात कराटेच्या सरांनी हेच शिकोलं तवा मी म्हणलं, हे तं मले आईनं पयलेच शिकोलं."

लातीचा सगळा जोर तिच्या शेवटात असतो, हे तिने मला भाऊंचा पाय हातात धरून दाखवलं. मांडीजवळ जोर नाही, टाचेत जोर. आपण मागे सरलो की बरोबर टाचेच्या तडाख्यात उभे राहतो. म्हणून डावा पाय तिरपा पुढे टाकायचा. लात आपल्या उजवीकडून निघून जाते. उजवा हात खालून घालून पोटरी बगलेत घट्ट धरायची, डावा हात त्याच्या खांद्यावर. आता त्याला एकच पाय उरला. हलकं दाबलं की बसतो.

"पाय आला म्हणजे पाहुणा आला असं समजा," ती म्हणायची. "पाहुण्याले दारातून कोणी ढकलते का? या म्हणा, आत घ्या, बसवा." तिच्या क्लासात एक-दोन-तीन नव्हतंच. "या… घ्या… बसा" याच तालावर सगळं चालायचं.

आणि बसवायचं, आपटायचं नाही, यावर ती फार कडक होती. "आपल्याकडं येते तो माणूस घाबरलेला राहते, ताई. त्याच्या घरचं कोणी आत पडलं राहते. त्याले पाडून आपल्याले काय भेटणार? अजून एक पेशंट." मॅडमवरून ती ताईवर कधी आली ते मला कळलंच नाही.

पहिले आठ दिवस मी नुसती मागे सरत होते. भाऊंचा पाय जमिनीवरून उठायच्या आत मी चादरींमध्ये. एकदा तर ओल्या चादरीत अशी गुंडाळले गेले की दोघांनी मिळून सोडवलं. भाऊ बिचारे लात मारायच्या आधी "मारू का?" विचारायचे आणि मारल्यावर "लागलं नाई नं?" विचारायचे. मीही त्यांचा पाय हाताला लागला की "सॉरी" म्हणायची. ती कपाळाला हात लावायची. "अशानं कसं होईन? एक विचारून लात मारते, दुसरी माफी मागून पकडते."

नवव्या की दहाव्या दिवशी मी बसले गादीवर आणि म्हटलं, मला नाही जमणार. सत्तेचाळीस वर्षं झाली मला. मला रेकॉर्ड रूमच बरी. आणि रडायला आलं, आलं तर आलं.

तिने समजूत घातली नाही. डबा उघडला. त्यात सांबारवडी होती, आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, अजून कोमट. एक माझ्या हातात दिली, एक भाऊंना. "खा, मंग रडा." मी खाल्ली. मग तिने विचारलं, "ताई, तुमाले भीती कशाची वाटते? लागायची? लागून तं गेलं, टाकेबी निघाले." मी विचार केला आणि पहिल्यांदाच खरं बोलले. म्हटलं, लागायची नाही गं. तेवीस वर्षं मी माणसांचे पाय हातात घेतले, कोणी कधी पाय उगारला नव्हता. आता प्रत्येक पाय मला त्याचाच वाटतो.

"मंग आपण एक करू," ती म्हणाली. "पायाकडं पाहूच नका. माणसाच्या तोंडाकडं पाहून पुढं या."

त्या दिवशी मी भाऊंच्या तोंडाकडे बघितलं. तिथे इतकी काळजी होती, की मला हसू आलं. हसता हसताच मी पुढे गेले, पाय बगलेत आला, आणि कॅन्टीनवाले भाऊ नव्वद किलोंसकट गादीवर बसले. मग भाऊ खालूनच म्हणाले, "उद्या सकाळी मॅडमले पोह्यावर डबल तर्री."

त्यानंतर मला चटकच लागली. दोन सिस्टरही येऊ लागल्या. भाऊ रोज पंचवीस-तीस वेळा बसायचे आणि म्हणायचे, माझी कंबर मोकळी झाली. मी घरी भाजी चिरतानासुद्धा डावा पाय तिरपा टाकून उभी राहायला लागले. नवरा म्हणाला, हे काय? म्हटलं, तू पाय उचलून बघ. त्याने शहाणपणा केला, उचलला नाही.

खालचं कामही जरा सुधारत होतं. मी भिंत सोडून टेबलाजवळ यायला लागले होते. पण सरांचा शब्द डोक्यावर होता आणि महिना संपत आला होता. शेवटच्या शनिवारी सर स्वतः एक्स-रेत आले. टेबलावर गुडघ्याचा एक पेशंट, काटोलकडचे शेतकरी काका. सरांना त्यांचा फोटो जरा वेगळ्या कोनातून हवा होता.

"नीट बघा," सर म्हणाले, "गुडघा वाकवायचा नाही. पाय असा सरळ, इतका वर…" आणि दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःचा उजवा पाय झटक्यात माझ्या दिशेने उचलला.

पुढचं मी केलं नाही, ते झालं. डावा पाय तिरपा गेला, सरांची पोटरी माझ्या बगलेत आली, डावा हात त्यांच्या खांद्यावर पडला, आणि एवढे मोठे हाडांचे डॉक्टर मागच्या गोल स्टुलावर जाऊन बसले. वर माझ्या तोंडून स्वच्छ शब्द निघाला, "बसा."

स्टूल सरांना घेऊन हळूच अर्धं फिरलं आणि थांबलं. टेबलावरून काका अगदी काकुळतीने म्हणाले, "बाई, मले हळू बसवजा. माया गुडघा अगोदरच गेला हाय."

मला वाटलं, झालं. रेकॉर्ड रूमसुद्धा आता मिळणार नाही, सरळ घर.

"पाय सोडा," सर म्हणाले. तो अजून माझ्याच बगलेत होता. मी सोडला. त्यांनी बूट नीट केला, चष्मा नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. "मागच्या महिन्यात मी हाच पाय उचलला असता," ते म्हणाले, "तर तुम्ही त्या कपाटाला जाऊन चिकटला असता."

"हो सर."

"कोणी शिकवलं?"

मी सांगितलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि न वळताच म्हणाले, "रेकॉर्ड रूमला दुसरं माणूस बघतो. आणि या काकांचा फोटो मला पहिल्याच वेळेला साफ हवा."

तो साफ आला. मी धावत दारावर गेले आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसून लोळेल. तिने आधी विचारलं, "सराले हळू बसवलं नं?" हळूच बसवलं, म्हटल्यावर तिने वॉकीटॉकी खिशात घातला, दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि मग जी हसत सुटली, ती दारातली रांग आत शिरून गेली तरी थांबेना.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती गेली. पारशिवनीजवळच्या मुलींच्या एका निवासी शाळेत तिला खेळ शिकवायचं काम मिळालं, आणि तिथे कोणी तिच्या डोक्यावर पट्टी ठेवली नाही. शेवटच्या दिवशी कॅन्टीनवाल्या भाऊंनी तिला गच्चीवर नेऊन सन्मानाने एक लात मारली आणि ते सन्मानाने बसले. आता दारावर दुसरा गार्ड आहे. चांगला मुलगा आहे, पास बघतो आणि आत सोडतो. मला तिची फार आठवण येते, हे मी कोणापासून लपवत नाही.

परवा एक ऐंशीच्या आजी आल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. पायाला हात लावला की वेदनेने पाय झाडायच्या आणि शिव्या द्यायच्या. पूर्वीची मी भिंतीशी गेले असते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत जवळ गेले, चिकटून उभी राहिले, पाय अलगद बगलेत घेतला. त्यांनी दोनदा झाडला, मला धक्का लागला तेवढाच. मग त्यांनी माझा दंड धरला आणि पाय सैल सोडला, तो मी हवा तसा ठेवला. फोटो एकाच वेळेत आला, हाडाची रेघ न् रेघ दिसत होती.

आजींना वॉर्डात पाठवलं आणि मी तिला फोन लावला. तिने तो उचलला, मी सांगितलेलं सगळं ऐकलं आणि नुसतं म्हणाली, "थांबा ताई, ठेवू नका." पण तिकडे कोणीतरी तिला ओढलं असावं, कारण फोन तसाच तिच्या खिशात गेला. मला मैदान ऐकू येत होतं. गवतावर धप्पकन कोणीतरी बसल्याचे आवाज, पंधरा-वीस पोरींचं खिदळणं, आणि त्या सगळ्यांतून एक बारीक, रडवेला आवाज.

"मॅडम, हिले दोनदा लात मारली. मले एकदाबी नाई मारली. आता माया नंबर."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.